तांबडखारची काचपट्टी

पेण, ५ ऑक्टोबर २०२५

नितेश,

वर 'चि.' लिहावं की 'श्री.' यातच माझा पाव तास गेला, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. तू माझा नंबर ब्लॉक केल्याला आज बावीस दिवस झाले. अण्णांच्या फोनवरून लावला तर त्यांच्याशी गोड बोलतोस आणि माझा आवाज आला की कट करतोस. पेणहून रोह्याला माणूस तासाभरात पोचतो, आणि मी पोस्टातून पाकीट आणून बसलेय. खिडकीवरच्या बाईने विचारलंसुद्धा, "परदेशी पाठवायचंय काय गो?" मी म्हटलं, जवळपास तसंच.

अण्णा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, तोंड त्याहून जास्त. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "नितेश रोह्याला कंपनीत लागला, मोठी कंपनी हाय." तू कंत्राटदाराकडे ड्रम उचलतोस हे मी त्यांना सांगितलेलं नाही. दिशाच्या माहेरी राहायची वेळ तुझ्यावर यावी असं मला कधी वाटलं नव्हतं. हे खरं आहे, तू मानलं नाहीस तरी.

आता मुद्द्यावर येते. तू सगळ्यांना सांगत फिरतोस की मला ताईने नोकरीवरून घालवलं. लग्न न झालेल्या बहिणीच्या जिभेला धार असते, असं तूच म्हणायचास, तेव्हा थोडी धार आता सोस. आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडून सप्टेंबरात जे लेखी घेतलं, ते जसंच्या तसं इथे उतरवते. माझ्याकडे झेरॉक्स आहे.

'आरोग्य सेवक श्री. नितेश (कंत्राटी) हे गावोगाव फिरून तापाच्या रुग्णांच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात. सदर काचपट्ट्या दर सोमवारी प्रयोगशाळेत जमा होतात. मी त्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहते व हिवतापाचे जंतू आहेत किंवा नाहीत ते नोंदवते. दि. २५ ऑगस्ट रोजी आलेल्या गठ्ठ्यात मौजे तांबडखार येथील कु. भूमिका, वय १९, हिच्या नावाची काचपट्टी होती. ती मी दि. २६ रोजी पाहिली. जंतू आढळले नाहीत.'

खाली माझी सही. यात तुझ्याविरुद्ध एक अक्षर तरी आहे का?

निगेटिव्ह म्हणून तू तिच्या घरच्यांना पॅरासिटामॉलच्या गोळ्या दिल्यास. तुझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. एकतीस तारखेला ती बेशुद्ध झाली. महामार्गावर गणपतीला आलेल्या गाड्यांचा खच, वडखळच्या फाट्यावरच तासभर गेला. अलिबागला पोचल्यावर तपासणीच्या किटवर फॅल्सिपेरम, तो जीवघेणा हिवताप, निघाला, पण तोवर तो मेंदूत चढला होता. एक तारखेला सकाळी ती गेली.

मग साहेबांनी सरळ हिशेब मांडला. पोरीच्या रक्तात हिवताप होता, काचेत नव्हता, म्हणजे काच तिची नव्हती. कोणातरी दुसऱ्याचं रक्त लावून तिचं नाव घातलं. हा निष्कर्ष साहेबांचा, माझा नव्हे. आणि तू महिनाअखेरीला काचा भरायचास हे काही खोटं नाही. ताप असो नसो, लोकसंख्येच्या मानाने इतके नमुने आलेच पाहिजेत, हा वरचा हुकूम. सहा गावं पायाखाली घालून तेवढे तापकरी मिळणार कुठून? मग एकाच माणसाच्या बोटातून आठ काचा आणि आठ नावं. सगळेच करतात. पण सापडलास तू.

ती काच आता नाही. निगेटिव्ह काचा साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरायला जातात, हे तुला माहीत आहे. तीही गेली.

मला एवढंच विचारायचं आहे. खऱ्या तापाची काच वेगळी बांधायची आणि भरलेल्या वेगळ्या, असं आपलं ठरलं होतं ना? मग त्या दिवशी ती वेगळी का नाही ठेवलीस?

अण्णांना फोन करत जा. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

ताई


पेण, २४ ऑक्टोबर २०२५

नितेश,

काल भाऊबीज झाली. दुपारी तीनपर्यंत मी ताट झाकून ठेवलं होतं. अण्णा म्हणाले, "गाडी चुकली असंल." मग साडेतीनला म्हणाले, "शिफ्ट असंल." चार वाजता आत जाऊन आडवे झाले. मी ताटातली करंजी खाल्ली. वाया कशाला घालवायची?

गेल्या वर्षी तू आला होतास तेव्हाचं आठवतं? ओवाळून झालं, आणि तू खिशातून सुयांचं पाकीट काढलंस. "ताई, हात दे. महिना भरायचाय." मी म्हटलं, मेल्या, भाऊ बहिणीला साडी आणतो, तू सुई आणतोस. माझ्या अनामिकेतून सहा काचा झाल्या, अण्णांच्या बोटातून पाच. शेजारच्या काकू कौतुकाने बघायला आल्या तर त्यांचंही बोट तू सोडलं नाहीस. आपण किती हसलो होतो. दोन दिवसांनी त्याच काचा माझ्या टेबलावर आल्या. माझं रक्त गागोद्याकडच्या कोणा शेतकऱ्याच्या नावाने माझ्यापुढे पडलं होतं, आणि मी ते निगेटिव्ह लिहून टाकलं. बघायचं काय त्यात? मला ताप नव्हता.

असं दोन वर्षं चाललं. वर्षाकाठी आपल्या भागात खरे पॉझिटिव्ह दोन, फार तर तीन. बाकी सगळं आपल्या घरचं रक्त. नजर मरते रे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. कदाचित सबब म्हणूनच सांगतेय.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी चुकीच्या लिहिल्या. चुकीच्या म्हणजे खोट्या.

एक. तो निष्कर्ष साहेबांचा नव्हता. तू काचा भरतोस हे त्यांना तोवर कोणी कळवलं नव्हतं. त्यांना काही माहीत नव्हतं. ते माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "नूतनबाई, आता तुमची मान अडकते. काच तुम्ही निगेटिव्ह दिली आणि पोरगी मेली." मी म्हटलं, "सर, ती काच तिचीच असेल कशावरून?" त्यांनी विचारलं, म्हणजे? मग मी सांगितलं. भाऊबीजेचं सांगितलं नाही, माझ्या बोटाचं सांगितलं नाही, फक्त तुझं सांगितलं. साहेबांचा चेहरा असा उजळला, जणू बुडताना त्यांना कोणी हात दिला. त्यांचंही अडकलंच होतं. जूनपासून किट संपली होती आणि मागणीपत्रं त्यांच्या कपाटात पडून होती.

दोन. काच वेगळी होती. तू ती कॅलेंडरच्या पानात गुंडाळून वर रबर लावलं होतंस. पानावर तुझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ताई, आधी ही बघ. पोरगी तापाने फणफणलीय, थंडी वाजून येतोय. किट असती तर तिथेच केली असती.' मी ते वाचलं. सोमवार होता, बाकीच्या तीस-बत्तीस काचा पडल्या होत्या. मी म्हटलं, उद्या बघू. पान काढून टाकलं आणि ती काच ट्रेमध्ये इतरांबरोबर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाहिली ती घाईत पाहिली. घाईत चूक होते. माणसाकडून होते.

तू वेगळी ठेवली होतीस. तुझी चूक नव्हती. हे वाचून तरी एकदा फोन उचल.

ताई


पेण, १६ नोव्हेंबर २०२५

नितेश,

बुधवारी दिशाचा फोन आला. बिचारी चोरून बोलत असावी, आवाज दबलेला होता. म्हणाली, "ताई, ह्यांनी तुमची दोनी पत्रं वाचली. रात्री जेवले पण नाय. फक्त एक विचारा म्हणाले. ती काच धुतली ती गठ्ठ्यात धुतली, का कोनी हातानं धुतली?"

तू मूर्ख नाहीस हे मला नेहमीच माहीत होतं.

दिशाने तारीखही सांगितली. अठ्ठावीसला तुझ्या चौकशी समितीची शेवटची बैठक. 'खोटे नमुने' हा शेरा कायम राहिला तर तुला पुन्हा कुठल्याही आरोग्य केंद्राची पायरी चढता येणार नाही. दहा वर्षं झालेल्या कंत्राटी लोकांना कायम करायची यादी निघतेय, तुझी अकरा झाली, त्या यादीतून तुझं नाव जाईल. ती काच जर असती, आणि तिच्यात जंतू दिसले असते, तर ती भूमिकाचीच होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भरलेल्या काचा शंभर असोत, ही खरी होती. म्हणून तू विचारलंस.

तर ऐक. आता काही ठेवून लिहीत नाही.

सव्वीस तारखेला, मंगळवारी, मी ती काच पाहिली नाही. घाईतही नाही. रंगवलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. आपल्या गणपतीच्या कारखानदाराने निरोप धाडला होता, चारच्या आत मूर्ती घेऊन जा, मग मुंबईचे ट्रक लागले की आत शिरता येणार नाही. मखर अर्धं राहिलं होतं. मी अडीच वाजता रजिस्टर ओढलं आणि वरपासून खालपर्यंत निगेटिव्ह, निगेटिव्ह लिहीत गेले. तिच्या नावापाशी हात क्षणभर थांबला होता, इतकं मला आठवतं. मग पुढे गेला. तुला फोन करून 'काही नाही रे' असंही मीच सांगितलं. त्यावर तू म्हणालास, "नक्की ना? मला ताप साधा वाटत नाय." मी म्हटलं, "डॉक्टर झालास का?"

एक सप्टेंबरला बातमी आली. दोन तारखेला गौरी-गणपतीची सुट्टी होती. केंद्रात एक नर्स आणि वॉचमन. मी माझी खोली उघडली. काच ट्रेमध्येच होती, पेन्सिलने लिहिलेल्या तुझ्या नंबरासकट. मी ती रंगवली. दहा दिवसांची शिळी काच, रंग नीट धरत नव्हता. लेन्सवर तेल घालून डोळा लावला.

शोधावं लागलं नाही, नितेश. पहिल्याच जागी जंतू दिसले. बारीक अंगठ्या, एकेका पेशीत दोन दोन. पुढे सरकवलं, तिथेही. जिकडे सरकवावं तिकडे तेच. इतकी वर्षं या खुर्चीत बसतेय, एवढे कधी बघितले नव्हते. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही चुकला नसता. मंगळवारी संध्याकाळपर्यंत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर ती वाचली असती. रविवारपर्यंत पाच दिवस होते.

मी दार लावून घेतलं. सिंककडे गेले. साबण लावला आणि अंगठ्याने चोळली. निळं पाणी गेलं. मग नंबर पुसला. मग ती स्वच्छ काचांच्या डब्यात ठेवली, कुठली होती ते मलाही पुन्हा कळू नये म्हणून.

गठ्ठ्यात नाही. हाताने. मिळालं उत्तर?

त्या वेळी माझ्या मनात तू नव्हतास, ती पोरगीही नव्हती. मनात फक्त माझी खुर्ची होती. मी कायम, तू कंत्राटी. माझी गेली असती तर अण्णांचं कसं झालं असतं वगैरे विचार मी नंतर रचले, तुला सांगायला बरे म्हणून. आज तेही सांगत नाही.

मधल्या काळात पुतळीबाई केंद्रात आली होती, भूमिकाची आई. नवरा मिठागरावर, ही एकटीच आली. पाळीव जनावर हरवल्यासारखी एकेका दारात डोकावत होती. मला ओळखत नाही. मला विचारते, "तो रक्त काढनारा कुठे गेला? नितेश? त्याला मला एकदा विचारायचाय, माज्या पोरीचं रक्त त्यानं कुठे फेकलान?" तू तिच्या दारात भेटायला गेला होतास तेव्हा तिने चप्पल उगारली, हे मला नर्सकडून कळलं होतं. मी तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "ते आता इथे नसतात."

अठ्ठावीसला मी समितीपुढे जाणार आहे. जे तुला लिहिलं ते तिथे सांगणार. माफी मागत नाही, कारण तू दिलीस तर मला ती घेता येणार नाही.

नूतन


पेण, ३० नोव्हेंबर २०२५

नितेश,

अण्णांनी तुला फोनवर सांगितलंच असेल, "ताईनं सगळं सांगितलान, आता तू सुटलास." अण्णांना अर्धंच कळलंय. खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

समितीत तिघे होते. मधल्या मॅडम समंजस वाटल्या. मी उभी राहून सांगायला लागले तर म्हणाल्या, बसा. बसून सांगितलं. कॅलेंडरचं पान, मूर्ती, रजिस्टर, सिंक. भाऊबीजेचंही सांगितलं, माझं बोट पुढे करून दाखवलं. मला वाटलं, झालं.

मग मॅडमनी विचारलं, "ती काच कुठे आहे?"

"धुतली."

"धुताना कोणी पाहिलं?"

"सुट्टी होती. कोणी नव्हतं."

"जंतू पाहिले ते?"

"मीच."

"कॅलेंडरचं पान?"

"टाकलं."

त्यांनी सप्टेंबरचा माझा कागद फाइलमधून काढला आणि माझ्यापुढे सरकवला. "ही सही तुमची ना? नूतनताई, मलाही धाकटा भाऊ आहे. तुमची तगमग मी समजू शकते. पण उद्या उठून प्रत्येक बहीण असं सांगायला लागली तर आम्ही चौकशी करायची कशी?" आणि मला पाण्याचा ग्लास दिला. खरंच दिला. मी तो प्याले.

खोटं लिहिलं तेव्हा त्यांनी एका दमात मानलं होतं. मी ओरडले, टेबलावर हात आपटला, म्हटलं, मला काढा, माझ्यावर केस करा. त्यावर शेजारचा म्हणाला, "भावनेच्या भरात जबाब बदलला, असं लिहून घ्या." बाहेर व्हरांड्यात साहेब थांबले होते. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं खरं धरलं तर किट का नव्हती तेही निघेल. मग कोणाकोणाला खाली ओढणार? तुमचा भाऊ हातपाय धड असलेला आहे, कुठेही कमवून खाईल." मी त्यांना काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझा शेरा कायम राहिला, नितेश. मी ती काच ठेवली असती तर पाच मिनिटांत उडाला असता. तुझं नाव पुसायचं काम मी साबण लावून केलंय, आता ते कोणाला उमटवता येत नाही. मलाही नाही.

काल शनिवारी मी तांबडखारला गेले. तू गेल्यापासून तिथे कोणी रक्त देत नाही. नवा सेवक दोनदा जाऊन आला, दोनदा लोकांनी पोरं अंगावर सोडली. बांधावरून जाताना माझ्या हातातली रक्त काढायची पेटी बघून बायका घरात शिरत होत्या.

पुतळीबाई ओटीवर जवळा निवडत बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. नितेशने रक्त काढलं ते खरं होतं, काच भूमिकाचीच होती, वेगळी बांधून आणली होती, आणि मी ती बघितली नाही. मग बघितली आणि धुऊन टाकली. मला वाटलं होतं ती मारेल. मारावं असं मला वाटत होतं.

तिचे हात जवळ्यात चालूच होते. मग म्हणाली, "का नाय बगितलास?"

"गणपती आणायचा होता."

तेव्हा तिचे हात थांबले. "आमच्या पन घरात बसला होता," ती म्हणाली.

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिने पदराने सुपातला कचरा झटकला आणि म्हणाली, "मंग त्या पोरावर मी चप्पल उगारली ती उगाच. तो दारात उभा राहून सांगत होता, मावशी, मी देवाशपथ काढलं, मी काढलं. मी बोललू, तुजा देव मेला. कुठे असतो आता?"

"रोह्याला."

"त्याला सांग, पुतळीची चूक झाली."

हा निरोप तुझा आहे, म्हणून आधी लिहायला हवा होता.

मी निघाले तर तिने हाक मारली. आत अंधारात गोधडीखाली तिची धाकटी निजली होती. नमिता, नऊ वर्षांची. दोन दिवस ताप. "हिचं रक्त घे," पुतळीबाई म्हणाली. "पन मी येतंय तुज्यासंगती. काच माज्या डोळ्यांसमोर रव्हायला पायजे." पोरीने बोट दिलं. पहिल्यांदा थेंब आला नाही, मी दुसऱ्यांदा टोचलं.

आता किट मुबलक आहेत. पोरगी गेल्यावर आठवड्याभरात खोकीच्या खोकी आली. तिथेच ओटीवर किट केली, एकच रेघ उठली. मी सांगितलं, एक रेघ म्हणजे हिवताप नाही. पुतळीबाईने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि परत दिली. "ही राहू दे. भूमीचं ज्यात बगायचं होतं त्यात बग."

रिक्षा करून तिघी केंद्रावर आलो. नमिताला बाकावर निजवलं. मी काच रंगवली, वाळवली, तेल घातलं. पुतळीबाई माझ्या खांद्याला लागून उभी. मी नीट बघितलं. आयुष्यात इतकं नीट बघितलं नसेल. काही नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय म्हटलं.

"भूमीच्या येळेला पन हेच सांगितलास," ती म्हणाली. चिडून नाही. आठवण करून द्यावी तसं.

मी खुर्चीवरून उठले. तिला बसवलं, उंची जुळवून दिली. तिला आधी नुसत्या स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. मग दिसायला लागलं. "निळं निळं हाय," म्हणाली. "तो कसा दिसतो, जो भूमीत होता?" मी कागदावर काढून दाखवला. अंगठी, वर खडा. तिने तो कागद मायक्रोस्कोपजवळ ठेवला, एकदा कागदाकडे बघितलं, एकदा भिंगात. "फिरव," म्हणाली. मी काच सरकवली. "फिरव." पुन्हा सरकवली. "किती येळा फिरवायचा?"

"शंभर वेळा."

"मला शंभरपर्यंत येतात," ती म्हणाली आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागली. खारं पाणी, ऊन, यांनी तिचे डोळे तसेच लाल, त्यात भिंगाला दाबून धरलेले. मधे एकदा एक ठिपका दिसला तर माझं मनगट घट्ट धरलं. रंगाचा कण होता. मी बाजूच्या तीन काचांवर तसलेच कण दाखवले तेव्हा सोडलं. मग पुढे मोजायला लागली. कुठवर आली होती ते ती विसरली नव्हती.

शंभर झाल्यावर तिने मान वर केली. डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उठला होता. नमिताचा ताप साधाच असावा, तरी सोमवारी पुन्हा घेऊन ये असं मी सांगितलं, गोळ्या दिल्या, माझा नंबर लिहून दिला. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"माजं नवीन, म्हनून एवढा येळ लागला," ती म्हणाली. "तुला किती लागतो?"

"आठ मिनिटं."

तिने नमिताला उठवलं, खांद्यावर घेतलं. दारात गेल्यावर वळली.

"भूमीला पन आठच लागली असती?"

मी म्हटलं, व्हय.

नूतन